बिननावाची थट्टा: आखाजीच्या झोक्यापासून शेलापागोट्यांपर्यंत

महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात वाचले जाणारे शेलापागोटे, म्हणजेच फिशपाँड, खोक्यात बिननावी चिठ्ठ्या टाकून एकमेकांची फिरकी घ्यायची, ही शहरी पोरांनी काढलेली टूम आहे असं समजलं जातं. खानदेशापुरतं तरी ते खरं नाही. चिठ्ठी आणि खोका नवा असेल. पण आपलं नाव पुढे न करता, चारचौघांत, ज्याची त्याला बरोबर लागेल अशी थट्टा करायची आणि त्यानेही ती हसून घ्यायची, हा रिवाज इथे कॉलेजं निघायच्या कितीतरी आधीपासून चालत आला आहे. आणि तो मुख्यतः बायकांनी चालवला, हे आवर्जून सांगायला हवं.

सुरुवात आखाजीपासून, म्हणजे इथल्या अक्षय तृतीयेपासून करू. अक्षय तृतीया महाराष्ट्रात सगळीकडे असते, पण खानदेशात तिचं वजन दिवाळीएवढं. शेतावर वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या सालदाराचं साल याच दिवशी संपतं आणि नवं ठरतं, पितरांच्या नावाने घागर भरली जाते, पुरुष पत्त्यांचे डाव मांडतात, आणि सासुरवाशिणी माहेरी येतात. घरात गौराई बसलेली असते, निंबाला झोके बांधलेले असतात. झोक्यावरची पोर उंच जाता जाता गाणं उचलते, खालच्या दोघीतिघी ते ओढून धरतात. गाण्यात सासू येते, नणंद येते, कामचुकार दीर येतो. पण कुणाची सासू, हे कोणी सांगत नाही. जिची तिला कळतं, बाकीच्यांनाही कळतं. वर्षभर जे तोंडावाटे निघू शकत नाही ते झोक्यावर निघतं. उद्या कोणी हटकलंच, तर ते गाणं आहे, आजीच्या आधीपासूनचं आहे, आम्ही काय रचलं थोडंच!

काही गावांत गौराई बोळवताना नदीच्या दोन काठांवर दोन गावांच्या पोरीबाळी समोरासमोर येतात आणि एकमेकींच्या गावाचा उद्धार करतात. शिव्या अस्सल अहिराणी, म्हणजे इथल्या बोलीतल्या, कानाला झोंबणाऱ्या. पण त्या अख्ख्या गावाला दिलेल्या असतात, कुण्या एकीला नाही. शिवाय पलीकडच्या काठावर आपलीच मावसबहीण उभी असते, कुणाची तरी आत्या त्या गावात दिलेली असते. सोयरीक असलेल्या गावांतच हे चालू शकतं. अनोळखी गावाशी असं कोणी भांडत नाही.

पुढे भाद्रपद पौर्णिमेला गुलाबाई, हा पोरींचा गाण्यांचा सण, बसते ती कोजागरीपर्यंत. तिच्या गाण्यांतही सासरची उणीदुणी आहेतच, पण पोरींचा खरा जीव अडकतो तो खाऊ ओळखण्यात. डबा झाकलेला, आत काय ते घरच्या बाईलाच ठाऊक. डबा हलवून, वास घेऊन, ‘गोड का तिखट’ विचारून पोरी नावं घेत सुटतात. लपवलेलं ओळखायची ही गोडी लहानपणीच लागते.

लग्नात तर याही-इहीन, म्हणजे व्याही-विहीण, हे थट्टेचे हक्काचे धनी. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीची पंगत बसली, की मांडवाच्या कडेला बसलेल्या बायकांतून एकीचा आवाज चढतो. पदर कपाळाखाली ओढलेला, त्यामुळे गाणं कोणी सुरू केलं ते याह्याला दिसत नाही, आणि तोवर दहाजणी गाऊ लागलेल्या असतात. त्याच्या पोटावर, मिशीवर, त्याने दिलेल्या नि न दिलेल्या मानपानावर गाळ्या, म्हणजे शिव्यांची गाणी, झडतात. याह्याने रागवायचं नसतं. रागावला, तर पुढचं गाणं त्या रागावर होतं! नवऱ्यामुलीला उखाण्यात नाव घ्यायला लावणं, त्यासाठी नणंदांनी दार अडवणं, हाही त्याच खेळातला भाग. नाव उघड घ्यायचं नाही, यमकात दडवून घ्यायचं.

नावाच्या बाबतीत खानदेशी माणूस तसाही सैल आहे. आबा, नाना, आप्पा, जिभाऊ, बापू यांतलं एक काहीतरी प्रत्येकाला चिकटलेलं. गल्लीत चार नाना असले की त्यांना वेगळं ओळखायला कामावरून, खोडीवरून, एखाद्या जुन्या फजितीवरून दुसरं नाव पडतं. ते कोणी पाडलं हे शोधूनही सापडत नाही, आणि रेशनकार्डावरचं नाव मात्र शेजाऱ्यालाही सांगता येत नाही.

पुरुषांची रीत वेगळी. वहीगायन या इथल्या लोकगायनात डफावर जे सवाल-जवाब चालतात, कलगी आणि तुरा या शाहिरांच्या दोन पंथांचे फड जे एकमेकांना कोडी घालतात, तिथे टोमणे कमी नसतात. पण कवनाच्या शेवटी शाहीर आपली छाप मारतो. हे मीच म्हटलं, असं तो ठणकावून सांगतो. बायकांच्या गाण्याला छाप नाही. बहिणाबाई चौधरींच्या ओव्याही त्याच वाटेने विरून गेल्या असत्या. घरच्यांनी त्या टिपून ठेवल्या आणि १९५२ साली त्या छापून आल्या, म्हणून त्यांचं नाव आपल्याला माहीत आहे. थट्टेची गाणी रचणाऱ्या बायकांची नावं कोणी टिपली नाहीत.

छापखाना आल्यावर नाव झाकण्याला वेगळी प्रतिष्ठा मिळाली. धुळ्यात जन्मलेले कवी विनायक, म्हणजे विनायक जनार्दन करंदीकर, ‘एक मित्र’ या नावानेही लिहीत. काय साधं आणि किती लाघवी टोपणनाव! विसाव्या शतकाच्या तोंडाशी भडगाव आणि फैजपूरला शिक्षकी करणारे कृष्णाजी केशव दामले वाचकांना केशवसुत म्हणूनच ठाऊक होते. आणि १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात धरणगावच्या त्र्यंबक ठोमरे या सोळा-सतरा वर्षांच्या पोराची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं. नाव लोकांनी द्यायचं आणि माणसाने ते जन्मभर वागवायचं, हे इथल्या गल्लीत रोजचंच होतं.

पुढचा टप्पा शिक्षणाचा. साने गुरुजी १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये होते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते रोज हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत. त्यात थट्टा नव्हती, माया होती. पण आपल्यातल्या कुणीतरी आपल्यासाठी लिहिलेला कागद घोळक्याने वाचायचा, ही सवय तिथे लागलेली दिसते. १९४५ साली अमळनेरचं प्रताप महाविद्यालय आणि जळगावचं मूळजी जेठा महाविद्यालय निघालं. तोवर कॉलेजसाठी नाशिक-पुण्याची वाट धरणारी पोरं आता घराजवळ शिकू लागली. खेड्यातून आलेली ही मुलं-मुली पहिल्यांदाच एका वर्गात बसत होती आणि एकमेकांशी थेट बोलायला धजत नव्हती. शेलापागोट्यांनी त्यांना तोंड फोडून दिलं.

खोका म्हणजे बिस्किटांचा पुठ्ठा, वरून खाकी कागद, मधोमध ब्लेडने पाडलेली फट. चिठ्ठी वहीच्या कोपऱ्यातून फाडलेली, अक्षर ओळखू नये म्हणून डाव्या हाताने गिरवलेली. वर नाव ज्याची फिरकी घ्यायची त्याचं, खाली सिनेमातली ओळ किंवा जुळवलेलं यमक. मास्तरही यातून सुटत नसत. आणि सभागृह सगळ्यात जास्त दणाणतं ते अहिराणी चिठ्ठीला.

याची दुसरी बाजू लपवण्यासारखी नाही. झोक्यावर, मांडवात, नदीकाठी ज्याची थट्टा होई त्यालाही उलट उत्तराची पाळी येई. खोक्यात तसं नाही. एखाद्या मुलीच्या रंगावर, एखाद्याच्या जातीवर, घरच्या गरिबीवर चिठ्ठ्या पडू लागल्या, आणि भरल्या सभागृहात त्या वाचल्या गेल्यावर ऐकणाऱ्याने जायचं कुठे? महाराष्ट्रात १९९९ साली रॅगिंगबंदीचा कायदा झाला. शारीरिक वा मानसिक त्रास देणाऱ्या वागण्यात त्याने विद्यार्थ्याला चिडवणंही धरलं आहे. त्यानंतर महाविद्यालयं सावध झाली, अनेकांनी खोका ठेवणंच थांबवलं. कायदा योग्यच आहे. ज्यांना त्या चिठ्ठ्यांनी रडवलं त्यांच्या बाजूने कोणीतरी उभं राहायला हवं होतं.

जिथे प्रथा टिकली आहे तिथे आदल्या दिवशी चिठ्ठ्या चाळल्या जातात. हे काम बहुधा सांस्कृतिक विभागाच्या सरांकडे येतं. माझं म्हणणं एवढंच, की चाळणाऱ्यांत आखाजीला झोक्यावर गायलेली, अहिराणी बोलणारी एखादी मावशी, मग ती ग्रंथालयातली असो की प्रयोगशाळेतली, जरूर बसवावी. कुठली ओळ हसून घेता येईल आणि कुठल्या ओळीने पोर दुसऱ्या दिवशी कॉलेजला येणार नाही, हे तिला चिठ्ठी ऐकताक्षणी सांगता येईल.