अकूस्टिक रिलीज व जलाशयातील मुरिंग

अकूस्टिक रिलीज म्हणजे पाण्याच्या तळाशी नांगरलेले उपकरण ध्वनिसंकेताने नांगरापासून मोकळे करणारे बॅटरीचलित साधन. नांगर, दोर व उपकरणे यांच्या मांडणीला मुरिंग म्हणतात. वर फ्लोट (तरंगता गोळा), त्याखाली दोर व मोजमापाची उपकरणे, मग रिलीज, साखळी आणि शेवटी नांगर असा क्रम असतो. संकेत ओळखला की रिलीजमधील मोटर आकडा (हूक) फिरवते व साखळीची कडी सुटते. नांगर तळाशीच राहतो, बाकी सर्व फ्लोटच्या जोरावर वर येते.

या साधनाचा उगम कोठे धरायचा हे व्याख्येवर अवलंबून आहे. कोलादों व स्टर्म या शास्त्रज्ञांनी १८२६ मध्ये जिनीव्हा सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून सु. ८° से. तापमानाला ध्वनिवेग १,४३५ मी./से. असल्याचे मोजले, पण त्यात आज्ञा देण्याचा भाग नव्हता. पुढे घड्याळावर सुटणारे आकडे व खाऱ्या पाण्यात झिजून तुटणाऱ्या धातूच्या कड्या वापरात आल्या. त्यांची वेळ आधीच ठरलेली असे; जहाजाला उशीर झाला तर मुरिंग आपसूक सुटून वाहून जाई. सांकेतिक आज्ञा ओळखणारे रिलीज समुद्रविज्ञानात साधारणपणे १९६० च्या दशकात रुळले. तोच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक.

सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयासारख्या डोंगरी पाणसाठ्यात समुद्रावरचे आडाखे जसेच्या तसे चालत नाहीत. पहिला फरक वजनाचा. सु. ४३ सेंमी. व्यासाच्या काचेच्या फ्लोटची समुद्रातील निव्वळ उचल (वर ओढणारा जोर) सु. २५ किग्रॅ. असते, गोड्या पाण्यात ती सु. १ किग्रॅ. ने घटते. नांगराचा हिशेबही पाण्यातील वजनावर करावा लागतो. १०० किग्रॅ. काँक्रीट पाण्यात जेमतेम ५८ किग्रॅ. भरते, तेवढेच लोखंड सु. ८७ किग्रॅ. नांगराचे पाण्यातील वजन एकूण उचलीच्या दुपटीहून कमी ठेवू नये.

दुसरा फरक पातळीचा, आणि चुका बहुधा येथेच होतात. पावसाळ्याअखेर भरलेला जलाशय मेअखेरपर्यंत कित्येक मीटर उतरतो. भरल्या पातळीवरून दोर कापला तर उन्हाळ्यात फ्लोट पृष्ठभागावर येतो, दोर सैल पडतो आणि रिलीजभोवती गुंडाळला जातो. मग आकडा उघडूनही काही वर येत नाही. म्हणून दोराची लांबी नीचतम पातळीवरून ठरवावी. तापोळा-बामणोलीकडील फुगवट्याचा भाग उथळ होत जातो. जुन्या नदीपात्राची खोल रेघ एको साउंडरने (ध्वनीने खोली मोजणाऱ्या यंत्राने) शोधून तेथेच नांगर सोडावा. बुडालेली झाडे व पडक्या भिंती टाळण्यासाठीही ही पाहणी हवी. रिलीज गाळात रुतू नये म्हणून नांगर व रिलीज यांमध्ये २-३ मी. साखळी ठेवतात.

समुद्रात नांगर शेवटी टाकून मुक्तपणे पडू देण्याची रीत आहे. लहान नावेवरून मात्र फ्लोट आधी पाण्यात सोडून नांगर दुहेरी दोराने सावकाश उतरवणे बरे. तळ लागला की एक टोक सोडून दोर ओढून घ्यायचा. नांगर हलवताना दोराच्या वेढ्यात कोणाचा पाय नसावा.

उतरवण्याआधी काठावर आकडा भाराखाली उघडून पाहावा. भाराशिवाय घेतलेली चाचणी फसवी असते. काढताना इंजिन बंद करून डेक युनिटचा (नावेवरून आज्ञा देणाऱ्या व रिलीजचे अंतर दाखवणाऱ्या यंत्राचा) ट्रान्सड्यूसर, म्हणजे ध्वनी सोडणारा व टिपणारा भाग, पाण्यात सोडतात. उन्हाळ्यात वरचा तापलेला थर ध्वनीला वाकवतो, तेव्हा ट्रान्सड्यूसर या थराच्या खाली न्यावा. अरुंद दरीत उतारांवरून येणारे प्रतिध्वनी संकेत गढूळ करतात, त्यामुळे नाव जवळ हवी. पण मुरिंगच्या नेमकी माथ्यावर नको, कारण फ्लोट खालून आदळतो. डेक युनिट १,५०० मी./से. वेग धरत असेल आणि पाणी २०° से. असेल (वेग सु. १,४८२ मी./से.), तर ५०० मी. अंतरात सु. ६ मी. फरक पडतो. सोडवण्यास त्याने अडत नाही, स्थाननिश्चितीत तो वजा करावा.

आज्ञेनंतर डेक युनिटवरील अंतर घटू लागले तर मुरिंग वर येत आहे. आकडा उघडल्याचे उत्तर येऊनही अंतर तेवढेच राहिले तर अडथळा यांत्रिक आहे. आज्ञा पुन्हा पुन्हा देऊन बॅटरी संपवू नये. विहिरीतील कळशी काढतात तसा लोखंडी गळ दोराच्या उभ्या भागाला आडवा ओढावा, रिलीजच्या बराच वरून.