आधी पिच्चर, मग पुस्तक : विदर्भातल्या गावांत विज्ञानपट कसे पोचले

कादंबरीवरून काढलेल्या विज्ञानपटावर शहरात चर्चा झाली की ती बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरते : पुस्तकाला न्याय मिळाला का? यवतमाळ, बुलडाणा, चंद्रपूरकडच्या खेड्यांत हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मूळ कादंबरी वाचलेली नसते, इंग्रजी चित्रपटही इंग्रजीत पाहिलेला नसतो. पुस्तकाचा पिच्चर झाला, पिच्चरची हिंदी झाली आणि ती हिंदी गावात आली. म्हणून तिथं तुलना होते ती एका पिच्चरची दुसऱ्या पिच्चरशी, आणि दोन्हींची गावातल्या जगण्याशी. मला विचाराल तर ही कसोटी काही कमी कडक नाही.

मराठीत विज्ञानकथा नव्हती असं मुळीच नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी टोपणनावानं ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली आणि बक्षीस मिळवलं. तालुक्याच्या वाचनालयात त्यांचं ‘यक्षांची देणगी’ सापडायचं. पण मराठी सिनेमा या कथांच्या वाटेला जवळजवळ गेलाच नाही. नारळीकरांच्या ‘धूमकेतू’वर चित्रपट निघाला तोही हिंदीत, मुलांसाठी. दिवाळी अंकातली विज्ञानकथा आणि टाकीजमधला पिच्चर यांची गाठ पडली नाही ती नाहीच.

टाकीज म्हणजे तरी काय, तर यात्रेतला तंबू. अमरावती जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची यात्रा भरते, हंडीतलं मटण आणि रोडगे खायला लोक लांबून येतात. अशा यात्रांतल्या टुरिंग टाकीजमध्ये पौराणिक आणि मारधाडीचे पिच्चर चालायचे. विज्ञान आलं ते गायब होणाऱ्या माणसाच्या रूपानं. एच. जी. वेल्सची अदृश्य माणसाची कादंबरी १८९७ ची, तिच्यावरचा हॉलिवूडपट १९३३ चा. आपल्याकडे १९६४ मध्ये ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’ आला आणि १९८७ मध्ये ‘मिस्टर इंडिया’. वेल्सचा माणूस गायब होतो, पण कपडे गायब होत नाहीत. म्हणून तो उघडा फिरतो, थंडीनं काकडतो, सत्तेच्या हव्यासानं वेडा होतो आणि शेवटी लोकांच्या मारानं मरतो. ‘मिस्टर इंडिया’ कपड्यांसकट गायब होतो, गुंडांना बुकलतो आणि फक्त लाल उजेडात दिसतो. शास्त्राच्या दृष्टीनं वेल्स जास्त प्रामाणिक, पण लाल उजेडाची अट प्रेक्षकाला लगेच पटली. चमत्काराला एक पक्की अट असली की गावातला माणूस बाकीचं सगळं माफ करतो.

ऐंशीच्या दशकात व्हीसीआर आला. वर्गणी काढायची, सेट भाड्यानं आणायचा, रात्रभर तीन पिच्चर पाहायचे. पण खरा पालट झाला तो १९९४ मध्ये, ‘जुरासिक पार्क’ हिंदीत उतरला तेव्हा. हॉलिवूडचा पिच्चर आपल्याला कळेल अशा बोलीत ऐकायला मिळतो, ही गोष्टच तेव्हा नवी होती. मायकेल क्रायटनची कादंबरी १९९० ची आणि ती बरीच कडवट आहे. तिच्यात उद्यानाचा मालक हॅमंड बारक्या डायनोसॉरांच्या तोंडी मरतो आणि शेवटी लष्कर बेटावर बॉम्ब टाकतं. पिच्चरचा दिग्दर्शक स्पीलबर्गनं हॅमंडला प्रेमळ आजोबा करून जिवंत ठेवलं आणि बेटही वाचवलं. मला पुस्तकातला हॅमंड जास्त खरा वाटतो, पैसा लावला म्हणजे निसर्ग ऐकेल असं मानणारा. पण तंबूत आणि टाकीजमध्ये आजोबाच जिंकले. कादंबरीतली गणिताची आणि अनागोंदीच्या सिद्धांताची (केऑस थिअरीची) पानं हिंदी डबिंगपर्यंत पोचण्याआधीच गळून गेली होती. उरलं ते पायाच्या धक्क्यानं थरथरणारं ग्लासातलं पाणी, आणि ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

यात गंमत अशी, की चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनोसॉरांची हाडं आणि दगड झालेली त्यांची विष्ठा सापडते. भूशास्त्राचे अभ्यासक तिथं शंभराहून अधिक वर्षं येत आहेत. तिकडं गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यातल्या वडधमला जीवाश्म उद्यान आहे. म्हणजे अमेरिकेतला डायनोसॉर हिंदी बोलत वरोऱ्यात आला, तेव्हा वरोऱ्याचा डायनोसॉर शेताच्या कडेला पडूनच होता. त्याच्यावर पिच्चर कोण काढणार?

मग घरोघरी केबल आली आणि डब केलेल्या पिच्चरांचा पूर आला. २०१० चा ‘रोबोट’ कितीतरी जणांनी टीव्हीवर पुन्हा पुन्हा पाहिला असेल. त्यामागं तमिळ लेखक सुजाता यांच्या विज्ञानकादंबऱ्यांची प्रेरणा आहे हे कुणाच्या कानावर गेलं नाही. तो रजनीकांतचा पिच्चर, विषय संपला. हे सुजाता पेशानं अभियंते, मतदानयंत्र घडवण्याच्या कामात त्यांचा हात होता. त्यांची कादंबरी न वाचताही सगळ्यांनी त्यांच्या कामाचं बटण दाबलेलं आहे.

अलीकडं मतं फाटली ती ‘ड्यून’वर. फ्रँक हर्बर्टची कादंबरी १९६५ ची. दिग्दर्शक डेव्हिड लिंचनं १९८४ मध्ये ती सव्वादोन तासांत कोंबली आणि गोष्टीचा श्वास कोंडला. दुसरा दिग्दर्शक व्हिलनव्ह, त्यानं २०२१ आणि २०२४ असे दोन भाग केले, दुसऱ्याच्या शेवटी नायक पॉलपासून त्याची प्रेयसी चानी हिला दूर जाऊ दिलं. पुस्तकात ती त्याच्याजवळच राहते. इकडच्या प्रेक्षकाची पहिल्या भागावरची तक्रार मात्र सरळ होती : “अर्धाच पिच्चर दाखवला बे!” लांबीचं त्याला वावडं नाही. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, धान निघालं की रात्र-रात्र नाटकं चालतात आणि वडशाच्या कंपन्यांची नाटकं पाहणारा माणूस पहाटेपर्यंत बसतो. पण पहाटे गोष्ट संपलेली असते. पैसे देऊन न संपलेली गोष्ट घरी न्यायची हे त्याला पटत नाही.

तरी ‘ड्यून’मधलं पाणी त्याला कळलं. वाळवंटातले लोक घामसुद्धा गाळून पितात, थुंकणं म्हणजे समोरच्याला आपलं पाणी देऊन मान देणं. शहरात हे विचित्र म्हणून हसण्यावारी गेलं असेल. मे महिन्यात टँकरची वाट पाहणारा म्हणतो, “पाण्यासाठीच लढून रायले ना बाप्पा, मंग आपल्यासारखंच हाये.” हर्बर्टलाही ही कल्पना सुचली ती ओरेगॉनच्या किनाऱ्यावर, सरकत्या वाळूला गवत लावून थोपवण्याचं सरकारी काम पाहून.

आणि मग २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची कडी येऊन पडली. आसपासच्या गावांत धातूचे गोळेही मिळाले. चिनी रॉकेटच्या टप्प्याचे ते तुकडे असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं. पण पहिल्या रात्री गावकऱ्यांपुढं होती ती आभाळातून पडलेली, अजून गरम असलेली वस्तू.

वेल्सच्या मंगळवासीयांच्या कादंबरीची (१८९८) सुरुवात हीच. मैदानात काहीतरी पडतं आणि लोक बघायला गोळा होतात. १९५३ च्या चित्रपटानं हा प्रसंग इंग्लंडमधून उचलून कॅलिफोर्नियात नेला, पण गर्दी तशीच ठेवली. पडलेली उल्का पाहायला पर्यटक येतील का, असा हिशेबही तिथले लोक मांडतात. याच कादंबरीवरच्या स्पीलबर्गच्या २००५ च्या चित्रपटात परग्रहवाल्यांची यंत्रं आधीच जमिनीत पुरलेली आहेत, विजेच्या लोळातून आत उतरतात ते फक्त त्यांचे चालक. तांत्रिकदृष्ट्या २००५ चा कितीही सरस असो, लाडबोरीच्या बाजूनं पाहिलं तर १९५३ चा खरा ठरतो. त्यात फक्त पोलीस पाटील नाही, आणि त्याला न विचारता एवढी गर्दी वस्तूजवळ जाते हे सिंदेवाहीत कुणी मानणार नाही.