‘गुलमर्ग फक्त मुरलेल्यांसाठी’ हा समज चुकीचा

स्कीइंग शिकायचं ठरवलं की हमखास सल्ला मिळतो: पहिल्यांदा जाताय तर उत्तराखंडमधली औली गाठा, काश्मीरमधलं गुलमर्ग मुरलेल्यांसाठी आहे. हा सल्ला अर्धाच खरा आहे, आणि त्यामुळे अनेकजण चुकीची निवड करतात.

गोंधळ गोंडोलामुळे, म्हणजे तिथल्या रोपवेमुळे होतो. गुलमर्गचा गोंडोला दोन टप्प्यांत चालतो. पहिला कोंगदूरी या मधल्या थांब्यापर्यंत, दुसरा अफरवट शिखराच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरवर. तिथला बर्फ यंत्राने दाबून सपाट केलेला नसतो, उतार तीव्र आणि हिमस्खलनाचा धोका खरा. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर दोन पोलिश स्कीअर्सचा हिमस्खलनात मृत्यू झाला. नवख्याने वर जाऊच नये, यात दुमत नाही.

पण गुलमर्ग म्हणजे फक्त अफरवट नव्हे! खाली, सुमारे २,६५० मीटरवर, पसरट कुरण आहे. उतार इतका सौम्य की पडलात तरी दोन हात घसरून थांबता. नवशिके पहिले धडे तिथेच गिरवतात. गोंडोलाचं तिकीटही लागत नाही.

औली उत्तमच आहे, नंदादेवीचं दर्शन घडवणारी. मात्र तिथे बर्फाचा भरवसा कमी, म्हणून कृत्रिम बर्फाची यंत्रं बसवावी लागली. अर्थात जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गही कोरडंच होतं. त्यामुळे माझ्या मते ‘सोपं की अवघड’ हा प्रश्न नंतरचा. आधी त्या आठवड्यात बर्फ किती आहे ते विचारा, मगच तिकिटं काढा.