तुरटीचा खडा जंतू मारत नाही

व्यवस्था कोलमडली, नळ बंद पडले, तरी पाठीवरच्या सॅकमध्ये तुरटीचा खडा असला की कुठलेही पाणी पिण्याजोगे करता येते, हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो अर्धाच खरा आहे. गढूळ पाण्याच्या बादलीत खडा काही वेळा फिरवला की मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि हळूहळू तळाशी बसतात. त्यांच्यासोबत काही जंतूही खाली जातात, पण मरत नाहीत, आणि उरलेले वरच्या नितळ पाण्यातच राहतात. (घात होतो तो या नितळपणानेच, गढूळ पाणी पाहून माणूस निदान बिचकतो तरी.)

म्हणून निवळलेले पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून, फडक्याने गाळून, खळखळून उकळी फुटल्यावर किमान १ मिनिट, आणि २००० मीटरहून उंच ठिकाणी ३ मिनिटे उकळावे. सरपण नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावरील प्रमाणात वापराव्यात. तुरटी मात्र सॅकमधून काढू नये, कारण गढूळ पाण्यात क्लोरीनचा बराचसा अंश गाळावरच खर्ची पडतो. पुराच्या पाण्यात मिसळलेले डिझेल किंवा कीटकनाशक वरील कोणत्याच उपायाने निघत नाही. त्यासाठी माणशी रोज ३ लिटर, म्हणजे तीन दिवसांचे ९ किलो, स्वच्छ पाणी आधीच भरून ठेवावे लागते.