‘अनरेडी’ राजा आणि वाढती खंडणी

इंग्लंडचा राजा दुसरा एथेलरेड इतिहासात ओळखला जातो तो ‘द अनरेडी’ म्हणून. ‘तयारी नसलेला’ हा त्याचा अर्थ नव्हे. जुन्या इंग्रजीत एथेलरेड म्हणजे थोर मसलत आणि ‘अनरेड’ म्हणजे भलतीच मसलत. थोडक्यात, नावावरच केलेली कोटी. तीही नोंदली गेली राजा मेल्यावर शंभराहून अधिक वर्षांनी.

गादीवर येण्याची सुरुवातच वाईट. 18 मार्च 978 रोजी सावत्र भाऊ राजा एडवर्ड याचा कॉर्फ येथे खून झाला आणि जेमतेम दहा-बारा वर्षांचा एथेलरेड राजा झाला. खुनात पोराचा हात असणे कठीण, पण संशयाचे बोट त्याच्या आईकडे दाखवले गेले ते कायमचे.

991 मध्ये माल्डनच्या लढाईत सरदार बर्टनॉथ पडला आणि समुद्रमार्गे लुटायला येणाऱ्या व्हायकिंगांना 10,000 पौंड खंडणी दिली गेली. एका पौंडाला 240 चांदीच्या पेनी, म्हणजे 24 लाख नाणी! हा आकडा 1002 मध्ये 24,000 पौंडांवर आणि 1012 मध्ये 48,000 वर गेला. राजाचा मुखवटा उमटवलेल्या त्या पेनी आज इंग्लंडपेक्षा स्वीडनच्या जमिनीतच जास्त सापडतात. एवढी चांदी पुन्हा पुन्हा गोळा करणारी वसुलीची यंत्रणा ढिसाळ नक्कीच नव्हती. खंडणी देऊन उसंत मिळवणे ही त्या काळची रीतच होती. त्याच्या आधीच्या नामांकित राजा आल्फ्रेडनेही तेच केले होते.

अक्षम्य मसलत होती ती 13 नोव्हेंबर 1002 ची. त्या दिवशी राजाने इंग्लंडमधल्या डेन, म्हणजे मूळच्या डेन्मार्ककडच्या, लोकांच्या कत्तलीचा हुकूम दिला. ऑक्सफर्डमध्ये जीव वाचवायला लोक चर्चमध्ये शिरले, तर चर्चच पेटवले गेले. 1004 च्या सनदेत राजाने स्वतःच याचा उल्लेख केला आहे आणि डेन लोकांना गव्हात उगवलेले तण म्हटले आहे. पश्चात्तापाचा शब्द नाही.

1013 मध्ये डेन्मार्कच्या स्वेनने देश घेतला आणि एथेलरेड फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील नॉर्मंडीला, बायकोच्या माहेरी पळाला. काही महिन्यांतच स्वेन वारला. सरदारांनी एथेलरेडला परत बोलावले, पण ‘आधीपेक्षा नीट राज्य करणार असशील तर’ या अटीवर. राजाने ती मान्य केली. 23 एप्रिल 1016 रोजी तो लंडनमध्ये वारला. वर्ष संपता संपता स्वेनचा मुलगा कनूट साऱ्या इंग्लंडचा राजा झाला होता.

पळून जायला जे माहेर उपयोगी पडले, ते राणी एमाचे. तिच्याच भावाचा नातू म्हणजे नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम. 1066 मध्ये हेच नाते पुढे करत तो इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला.