दुसऱ्या बाटलीतलं आम्ल खराब नाही

आमचा प्रयोगसंच नेलेल्या पालकांची एक तक्रार नेहमी येते: पहिल्या बाटलीत संगमरवराचा तुकडा विरघळला, दुसरीत मात्र जरासा फेस येऊन थांबला, बाटली बदलून द्या. बदलून द्यायला आमची ना नाही. पण आधी तो तुकडा चिमट्याने बाहेर काढा, पाण्याखाली धरा आणि काचेच्या कांडीने खरवडून पाहा. पांढुरका थर दिसेल.

पहिल्या बाटलीत विरल हायड्रोक्लोरिक आम्ल आहे, दुसरीत विरल सल्फ्युरिक. संगमरवर म्हणजे कॅल्शिअम कार्बोनेट. दोन्ही आम्लं त्यातून कार्बन डायऑक्साइडच बाहेर काढतात, त्या वायूने चुन्याची निवळी दोन्ही वेळा दुधाळ होते. फरक पडतो तो तयार होणाऱ्या क्षारात. कॅल्शिअम क्लोराइड पाण्यात चटकन विरघळतं. कॅल्शिअम सल्फेट १०० मिली पाण्यात जेमतेम पाव ग्रॅम विरघळतं; बाकीचं तुकड्यावरच साचतं आणि आम्लाची आतली वाट बंद होते.

किती साचेल, हे मोलच्या हिशेबाने आधीच कळतं (मोल म्हणजे पदार्थाचे कण मोजायचं एकक, डझनासारखं). कॅल्शिअम कार्बोनेटच्या एका मोलचं वस्तुमान १०० ग्रॅम, म्हणून संचातला ५ ग्रॅमचा तुकडा म्हणजे ०.०५ मोल. तो सगळा वापरला गेला तर सल्फेटही ०.०५ मोल होणार. त्याचा एक मोल १३६ ग्रॅमचा, म्हणजे ६.८ ग्रॅम. १०० मिलीत पाव ग्रॅमच मावतं!

हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र कार्बोनेटच्या दुप्पट, ०.१ मोल लागतं, कारण कार्बोनेटच्या एका मोलला त्याचे दोन मोल लागतात. इथे बरीच मुलं '५ ग्रॅमला १० ग्रॅम आम्ल' असं लिहितात. दुप्पट मोल, ग्रॅम नव्हे. ०.१ मोल म्हणजे ३.६५ ग्रॅम, पहिल्या बाटलीतल्या १०० मिलीमध्ये तेवढंच आहे. म्हणूनच शेवटचा कण विरघळायला वेळ लागतो, घाई करू नका.

तुकडे संपले तर शहाबादी फरशीचा तुकडा किंवा अंड्याचं कवच चालेल. खडू नको. बाजारातले बरेचसे खडू जिप्समचे, म्हणजे कॅल्शिअम सल्फेटचेच असतात, त्यांना फेस येत नाही.

डोळ्यांना चष्मा हवाच, आणि घरातलं मोठं माणूस शेजारी. उरलेल्या आम्लात फेस थांबेपर्यंत थोडा थोडा खायचा सोडा टाका, मगच मोरीत ओता.

दुसऱ्या बाटलीत एकदा संगमरवराची बारीक पूड टाकून पाहा. तिलाही फेस आला नाही, तर बाटली घेऊन या, लगेच बदलून देऊ.