कासवाला काकडी-टोमॅटो पुरेसे आहेत का?

‘जमिनीवरच्या कासवाला काकडी-टोमॅटो दिले की झालं’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. कासव काकडी आवडीने खातं, म्हणून ते पटतंही. पण काकडीची चकती दिवसभर उन्हात ठेवून बघा, कागदासारखी होते. तिच्यात ९५ टक्के पाणीच! १०० ग्रॅममध्ये कॅल्शियम जेमतेम १६ मिलिग्रॅम, फॉस्फरस त्याहून जास्त, आणि जास्तीचा फॉस्फरस कॅल्शियम अंगी लागू देत नाही. कवच हाडाचंच असतं. कॅल्शियम कमी पडलं की ते मऊ, वेडंवाकडं होतं.

सल्काटासारख्या (आफ्रिकेतलं जमिनीवरचं मोठं कासव) कासवाचं रोजचं जेवण म्हणजे ओलं-सुकं गवत, जोडीला जास्वंदीची पानं-फुलं. (आपलं स्टार कासव घरात पाळणं मात्र गुन्हा आहे.) पालक रोज नको, त्यातला ऑक्झलेट नावाचा घटक कॅल्शियमला अंगी लागण्यापासून अडवतो. कॅल्शियम अंगी लागायला ऊनही थेट हवं. काचेतून आलेलं चालत नाही.